गुरुजींच्या गाडीचा नॉक सेन्सर

अहो, गुरुजींची गाडी काल गेली. वैशाखापासून आपल्या लिंबाखाली उभी होती. टपावर लिंबोळ्या सडून चिकटल्या होत्या, पुढच्या काचेवर कोंबड्या बसायच्या. ती काल धक्का न मारता सुरू झाली, झरीला परत जायला फाटकाबाहेर पडली, आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला नाही. तुम्हाला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी रडले कमी आणि चहा जास्त केला. आज घरात कुणी नाही म्हणून वही घेऊन बसले आहे. तोंडानं बोलायचं त्राण उरलेलं नाही.

आधी एक हसण्यासारखं सांगते. बोरीच्या स्टँडवर तुमचा फ्लेक्स लागलाय. गणपतनं लावला. सोळा वर्षं तुमच्या हाताखाली काढली, आता जिंतुरात स्वतःचं गॅरेज आहे, तरी तुमचं नाव निघालं की उठून उभा राहतो. फोटो मागायला आला तर आपल्याकडे तुमचा एकही धड फोटो निघेना, सगळीकडे तुम्ही कुणाच्या तरी मागं नाहीतर बॉनेटमध्ये वाकलेले. शेवटी आधारकार्डावरचा दिला. स्टुडिओवाल्यानं तुम्हाला निळा कोट चढवला आणि टाय बांधला. मी पाहिलं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तर जाऊबाईंना वाटलं मी रडतेय, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग खरंच रडले.

माणसं येतात, चहा घेतात, मग म्हणतात, “मिस्त्री सुटले बगा. अंथरुणाला खिळले न्हाईत, लय झालं.” मी मान हलवते. वाद घालायचाही कंटाळा आलाय. पण तुम्ही सुटला नाहीत हे मला ठाऊक आहे. तुमच्या मनात एक गाठ होती, ती घेऊन गेलात. ती कुणी मारली होती ते मला आता आठ दिवसांपूर्वी कळलं.

मार्गशीर्षात तुमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. पाय महिन्याभरात सरळ पडायला लागला, तोंड जागेवर आलं, पण डाव्या हाताची बोटं बधिर राहिली. तुम्ही लपवत होता. चहाचा कप डाव्या हातात धरायचा आणि ओठाला लावून चटका बसला की ‘लय गरम केलास’ म्हणून माझ्यावर ओरडायचं. बोटांना कळत नव्हतं, हे मी ओळखलं होतं. म्हणून तुम्हाला चहा थोडा निववून द्यायला लागले. तेही तुम्हाला आवडलं नाही. कोमट चहा म्हणजे आजाऱ्याचा चहा, असं म्हणालात.

पाच महिन्यांनी पहिलं मोठं काम आलं ते गुरुजींचं. झरीहून गाडी घेऊन आले. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली जुनी पेट्रोल गाडी, तिला ते घरातल्या माणसापेक्षा जपतात. उतरल्या उतरल्या म्हणाले, “मिस्त्री, चढावर ओढतच नाही हो. जिंतूरला जाताना दुसरा गेर टाकावा लागायलाय. आणि हा पिवळा दिवा काही केल्या विझंना.”

“बसा गुरुजी,” तुम्ही म्हणालात. “आमी बगतो. तुमी चहा घ्या.”

तुम्ही फडक्यात गुंडाळलेला स्कॅनर काढला, बिघाडाचा नंबर वाचला, पण तेवढ्यावर तुमचं कधी समाधान झालं? लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिलात. मला ती तुमची उभं राहण्याची पद्धत फार आवडायची. कधी बोलले नाही. पाच महिन्यांनी तुम्हाला तसं पाहिलं आणि चुलीपुढं बसून देवाला हात जोडले.

“नॉक सेन्सर मेलाय,” तुम्ही म्हणालात. मीटर लावून खात्री केलीत. नवा नांदेडहून एसटीच्या पार्सलनं आला. पेढ्याएवढा गोल, मधोमध भोक, एका अंगाला वायरीची खुंटी. मी विचारलं, एवढुशा वस्तूनं एवढी गाडी अडते? तेव्हा तुम्ही पायरीवर बसून मला समजावलंत, जसं गणपतला समजवायचात तसं.

“ह्यो इंजनाचा कान हाय. पेट्रोल येळेच्या आदी भडकलं की आत ठोका बसतो. ह्यानं ऐकायचं आन् कॉम्प्युटरला सांगायचं. कानच मेला तर कॉम्प्युटर भितो, गाडीला जोर लावूच देत न्हाई. आन् एक ध्यानात ठेव. ह्याच्या बुडाला काई चालत न्हाई. ग्रीस न्हाई, वायसर न्हाई, रंग न्हाई. लोखंडाला लागून बसला पायजे, तरच ऐकू येतं. तवा ह्या खेपेला तुजं हळद-कुंकू राहू दे.”

आपल्या गॅरेजात नवीन वस्तू हळद-कुंकवाशिवाय बसली नाही कधी. सासूबाईंनी लावलेली रीत. बेल्ट असो, बॅटरी असो, फिल्टर असो, आधी मी हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट लावायचं, मग तुम्ही बसवायचं. गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. पंचवीस वर्षं तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत. आणि नको म्हणालात ते नेमकं त्या दिवशी, पाच महिन्यांच्या आजारपणानंतरच्या पहिल्या कामाला. शकुनाची वस्तू, आणि तिला काहीच लावायचं नाही?

तुम्ही तोंड धुवायला हौदावर गेलात. मी सेन्सर उचलला. वर लावलं तर तुम्हाला दिसलं असतं, म्हणून खालच्या अंगाला लावलं. हळद जरा घट्टच कालवली होती. वर कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हटलं, यांच्या हाताला यश येऊ दे. मग उन्हात वाळवलं आणि परत डबीत ठेवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सेन्सरची जागा इंजिनाच्या मागं, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या खाली, डोळ्यांना दिसतच नाही, सगळं बोटांनी बघायचं. आधी हवेचा पाइप काढला, मग पट्ट्या काढल्या. एकेक बोल्ट निघेल तसा मी इडलीच्या साच्यात ओळीनं ठेवत होते, लांबीची गफलत होऊ नये म्हणून. ती युक्ती माझी होती, आणि गणपतनं ती जिंतुरात स्वतःची म्हणून खपवलीय. “बारा दे,” तुम्ही म्हणायचात आणि बाराचा पाना मी तुमच्या हातात ठेवायची. मागची जागा तुम्ही बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून घासलीत, इतकी की पेपर तीनदा बदलला. हात घालायला वाट डावीकडूनच होती. तुम्ही डावा पंजा मागं केलात, “दे” म्हणालात, आणि मी सेन्सर तुमच्या तळव्यावर ठेवला, बूड खाली करून. तुमच्या बोटांना काही कळलं नाही. कळणार नाही हे मला माहीत होतं, आणि मी त्याचाच फायदा घेतला. खरं आहे ते हेच.

त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी जास्त खाल्ल्यात. गुरुजी खुशीत गेले. मी मनातल्या मनात म्हटलं, लागलं ना माझं बोट कामाला.

चौथ्या दिवशी दिवा परत लागला. तुम्ही वायर तपासलीत, खुंटीवर मीटर लावलंत, सगळं ठीक. स्कॅनरवरून दिवा विझवून दिलात. आठवडाभरानं पुन्हा. मग गुरुजी परभणीतल्या एका मोठ्या वर्कशॉपात गेले आणि तिथून छापील कागद घेऊन थेट आपल्या अंगणात आले. मास्तर माणूस, कागद उभ्यानं वाचून दाखवला. सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी, बसवण्यात दोष.

“मिस्त्री, राग मानू नका,” ते म्हणाले. “ते म्हणाले, नीट आवळलेला नाही. आजारातून उठलात तुम्ही. हाताला तेवढा जोर राहिला नसेल.”

वाईट हेतूनं म्हणाले नाहीत ते. म्हणूनच ते जास्त लागलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “गाडी ठेवून जा.” ते एसटीनं झरीला गेले.

ते गेल्यावर आपलं भांडण झालं. पंचवीस वर्षांतलं सगळ्यात छोटं भांडण असेल, आणि तेच संपलं नाही.

“मला एकदा उघडू दे,” तुम्ही म्हणालात. “म्या आवळलेला बोल्ट ढिला हुत न्हाई. त्याच्या बुडाशीच कायतरी हाय.”

मी म्हटलं, “पुन्हा चार तास वाकून उभे राहणार? डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?”

“अगं, एकदाच.”

“नाही म्हणजे नाही. पुरे झालं आता. हात राहिले नाहीत तुमचे, हे मान्य करा की.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग आपल्या हातांकडे. पाना फडक्यानं पुसून पेटीत ठेवलात आणि झाकण लावलंत. पुन्हा त्या गाडीचं नाव काढलं नाहीत.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. तुम्ही ‘बुडाशी’ म्हणालात तेव्हा मला हळद आठवली होती. डोळ्यांसमोर आली, माझं बोट, तो पिवळा ठिपका. आणि मी स्वतःलाच म्हटलं, छे, चिमूटभर हळदीनं कधी इंजिन अडतं का? तेवढं म्हणून मोकळी झाले. खरं म्हणजे तुम्ही उघडलं असतं तर हळद दिसली असती, तुम्ही ओरडला असतात, आणि मला ते नको होतं. तुमच्या तब्येतीची काळजी होती, नव्हती असं नाही. पण काळजीच्या आड मी माझी चोरी झाकली.

मग तुम्ही शेडपुढच्या बाजेवर बसायला लागलात. झरीकडून येणारी गाडी तुम्ही आवाजावरून ओळखायचात. “पाटलाची जीप आली. क्लच घासायलंय तिचं. थांबंल आता.” जीप थांबायची नाही. पुढं जिंतूरकडे जायची. गुरुजींनी झरीच्या स्टँडवरच्या हॉटेलात सहज सांगितलं होतं, बोरीच्या मिस्त्रीचा हात गेला. सहज सांगितलेलंच गावात लवकर पसरतं. तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचात आणि मग मला पाणी मागायचात. मी पाणी द्यायची. जे बोलायला हवं होतं ते माझ्याजवळ होतं. भाद्रपदात दुसरा झटका आला. मोटारसायकल काढून माणसं डॉक्टरकडे धावेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आठ दिवसांपूर्वी गणपत आला. म्हणाला, “काकू, उस्तादाचं शेवटचं काम अर्धं पडलंय. बरं दिसत न्हाई ते. म्या करून देतो.” भर दुपारी बॉनेट उघडलं. बाजूच्या शेतात सोयाबीनचं मळणीयंत्र चाललं होतं, भुसा उडून डोळ्यांत येत होता. मी सवयीनं इडलीचा साचा घेऊन उभी राहिले. जाऊबाई आतून म्हणाल्या, सव्वा महिना व्हायचाय तुमचा, अंगणात कशाला? मी ऐकलं नाही.

गणपतनं हात मागं घातला, बोल्ट फिरवला, आणि सेन्सर बाहेर काढून उजेडात धरला. बूड वर झालं. जळून तपकिरी पडलेली हळद, अर्धी भुगा होऊन गळालेली, आणि कडेला कुंकवाचा लाल डाग, अजून लालच. माझ्या कपाळावरचं गेलं होतं, करंडा जाऊबाईंनी उचलून माळ्यावर टाकला होता, आणि इथं लोखंडाच्या आड ते तसंच राहिलं होतं. मी बाजेवर बसले.

गणपतनं सेन्सर फडक्यावर ठेवला आणि बोल्ट उजेडात फिरवून पाहिला. शहाणा आहे तो. मग बोल्टाच्या डोक्याखाली पडलेला वळ दाखवून हळूच म्हणाला, “काकू, आवळलेला बराबर व्हता. बगा, वळ कसा पडलाय. हळद तापून जळाली, तिची जागा रिकामी पडली, मंग ढिला झाला. उस्तादाची चूक न्हाई.”

“माझी आहे,” मी म्हटलं.

“म्या कुणाला सांगत न्हाई. वायर तुटली व्हती म्हणू. गुरुजींना काय कळतंय?”

मला क्षणभर ते बरं वाटलं, अहो. इतकी दमले होते की वाटलं, होऊ दे वायरीचा दोष, मिटू दे. पण वायर तुटली म्हटलं असतं, तर तुटलेली वायर मिस्त्रीला सापडली नाही, असंच झालं असतं. मेल्यावरही तुमचंच नाव खाली. मी ‘नाही’ म्हणून मान हलवली.

गणपतनं जागा घासली, सेन्सर धुऊन पुसून कोरडा केला. तोच चांगला होता, नवा लागलाच नाही. किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्कचा पाना त्यानं आणला होता, त्यावर मोजून बोल्ट आवळला. मग आठवडाभर रोज गाडी जिंतूरच्या चढावर नेऊन आणली. दिवा लागला नाही. काल गुरुजी गाडी न्यायला आले. तुमच्या फोटोपुढं हात जोडले आणि गणपतला म्हणाले, “शेवटी तुझ्या हाताला यश आलं बाबा.”

मी पुढं झाले आणि सगळं सांगितलं. हळद, खालचं बूड, तुमची बधिर बोटं, सगळं. मान वर करून सांगितलं. गुरुजींचा चेहरा उतरला. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, “वहिनी, मी काय काय बोललो मिस्त्रीबद्दल.”

“जिथं बोललात तिथं मला घेऊन चला.”

“आत्ता? सव्वा महिना झाला नाही अजून. तुम्ही उंबरा ओलांडलात तर लोक काय म्हणतील?”

“लोकांचं म्हणून झालं, गुरुजी. आता माझं राहिलंय.”

जाऊबाई दारात आडव्या आल्या. मी त्यांच्या बाजूनं निघाले आणि त्या गाडीत मागं बसले. जिच्यासाठी तुम्ही झुरलात तिच्यात मी पहिल्यांदाच बसत होते. चांगली चालते हो. इंजिन एका सुरात होतं, तुम्ही असता तर स्क्रूड्रायव्हर लावायची गरज पडली नसती.

झरीच्या स्टँडवर हॉटेलासमोरच्या बाकांवर दहाबारा माणसं होती. गुरुजी काही सुरुवात करतील म्हणून मी थांबले, पण ते गाडीची किल्लीच चाळवत राहिले. मग मीच बोलले. म्हटलं, मी बोरीच्या मिस्त्रीची बायको. गुरुजींच्या गाडीतला दोष माझ्या हातचा होता. मिस्त्रींनी लावू नको म्हणून बजावलं होतं, मी चोरून हळद लावली. त्यांनी बोल्ट बरोबर आवळला होता, आणि दोष कुठं आहे हेही बरोबर सांगितलं होतं. मीच उघडू दिलं नाही.

मग जीपवाले पाटील म्हणाले, “आमाला तर वाटतच व्हतं. मिस्त्रीचा हात कवा चुकणार?” वाटत होतं तर मग जीप का थांबली नाही, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. त्यांच्याशी भांडायचा मला काय अधिकार, तुम्हाला तोंडावर बोलणारी मीच होते. कुणीतरी बाकावर जागा करून दिली, चहा पुढं केला. मी तो घेतला. मग गुरुजी ‘सोडतो’ म्हणत असतानाही मी एसटीनं परत आले.

वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. काही वाटलं नाही. अंग दुखतंय, झोपावंसं वाटतंय. तुम्ही पंचवीस वर्षं मला पाने ओळखायला शिकवलंत, इंजिन काय म्हणतं ते सांगितलंत, बाईला काय कळतं असं एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल कधी चांगला शब्द बोलले नाही. बोलले तो एकच शब्द लक्षात राहण्यासारखा, हात राहिले नाहीत हा, आणि तो खोटा निघाला. झरीच्या हॉटेलात चहा पिणाऱ्या परक्या माणसांना आता ठाऊक आहे, की तुमचे हात शाबूत होते. तुम्ही मात्र माझ्या त्या शब्दावर विश्वास ठेवून गेलात.